स्टँडवरची इहीण

"जय भीम, इवाई! तब्येत बराबर हाये ना?"

आष्टीच्या स्टँडवर हा आवाज निघाला की समोरच्या हॉटेलात भजी तळणाऱ्याचा झारा कढईवर थांबायचा. गाडीतून नुकतेच उतरलेले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ जागच्या जागी ताठ व्हायचे. मान न वळवता, ओठातल्या ओठात "जय भीम" म्हणायचे आणि पिशवी सावरत बाजाराकडं जवळजवळ पळत सुटायचे. जय भीम घातला की उलट जय भीम द्यावाच लागतो, मग तो वैऱ्यानं का घातलेला असेना. हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

दर बाजारच्या दिवशी हे व्हायचं. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीण. नवा माणूस हे ऐकून हसायचा, बाई आपल्या व्याह्याची थट्टा करतेय असं त्याला वाटायचं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. खरं म्हणजे त्या दोघांत कसलंच नातं नव्हतं. जुळलं होतं, ते त्या गृहस्थांनी मोडलं होतं, आणि मोडून वर सुखानं जगायची त्यांची इच्छा ती पुरी होऊ देणार नव्हती.

मी त्या स्टँडवर कंट्रोलर होतो. तुम्ही कधी लहान गावच्या स्टँडवर तास-दीड तास बसला असाल तर माझी खिडकी तुम्हाला समजेल. गाड्या लिहायला हात पुरतो, डोळे मोकळेच असतात. लेकीला सासरी लावून द्यायला आलेली आई गाडी हलल्यावरही खिडकीला हात लावून कशी चालत राहते, भांडून आलेलं जोडपं एकाच पिशवीचे दोन बंद कसं धरतं, नको असलेला माणूस समोर दिसला की लोक एकदम वेळापत्रक कसं वाचायला लागतात, हे सगळं मी पगार घेऊन पाहिलं. पण सगळ्यात जास्त पाहिलं ते तिला.

ती तिच्या गावात पिठाची गिरणी चालवायची. नवरा पट्टा चढवायचा, पोती उचलायचा. बाकी सगळा कारभार तिचा. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळं हळू बोलणं तिला येतच नसे. गुपित सांगायची तेही पलीकडच्या फलाटापर्यंत जायचं. बाजारच्या दिवशी दुपारी गिरणी बंद करून यायची, तोंड धुऊन यायची, तरी भुवयांच्या केसांत पीठ राहिलेलं असायचं. तिसऱ्या खांबाला टेकून बसायची. पाय पसरून, कमरेची पिशवी मांडीवर घेऊन. बाजारात काही घ्यायचं असलं तर घ्यायची, नसलं तर नाही. गाडीत बसायची ती शेवटच्या.

"मावशी, कुठल्या गाडीला थांबल्या?" मी सुरुवातीला एकदा विचारलं.

"इवाई येतेत त्या गाडीला," ती म्हणाली.

हळूहळू मला सगळं कळलं. म्हणजे तिनंच सांगितलं, आणि स्टँडवरच्या निम्म्या लोकांनी माझ्याबरोबर ऐकलं.

तिची एकुलती एक लेक. बारावी झालेली, शिवणकाम शिकलेली. शेजारच्याच गावातल्या, सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या या साहेबांचा मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. स्थळ चांगलं होतं. विहारात साखरपुडा झाला, गाव जेवलं, तिच्या नवऱ्यानं साहेबांना टोपी-टॉवेल दिला, फेटा बांधला. तेव्हापासून ते इवाई झाले. मग पुढच्याच महिन्यात साहेबांकडं दुसरीकडून मोठं स्थळ चालून आलं. आता आपण होऊन मोडलं म्हणावं तर समाजात नाव खराब होतं. तेव्हा साहेबांनी एक वाक्य सोडून दिलं. मोठ्यानं नाही, चारचौघांतही नाही. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारच्याच्या कानात.

"पोरीला फिट येते म्हनं."

बस. सोयरीक मोडली, आणि साहेबांबद्दल सगळ्यांना वाईट वाटायला लागलं, की बिचारे फसता फसता वाचले.

ती त्यांच्या दारात गेली. लग्न करा म्हणायला नाही. "फिट येते असं तुमी म्हनले, तर न्हाई येत असं बी तुमीच म्हना," एवढंच तिचं म्हणणं. साहेब म्हणाले, "मी कुठं काय म्हनलो? लोक बोलून राह्यले." आणि दार लावून घेतलं. तिला त्यानंतर पुढची पाच-सहा वर्षं फक्त ते एक वाक्य पाहिजे होतं. त्यांच्याच तोंडून, आणि लोकांसमोर.

ते वाक्य का पाहिजे होतं, हे मला कांद्यामुळं कळलं.

लेकीला पाहायला पुन्हा पाहुणे आले होते. पोरगी चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्यांतल्या एका बाईनं पर्समधून रुमाल काढला तर रुमालाबरोबर कांदा घरंगळत बाहेर आला. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा लावतात, तुम्हाला माहीतच असेल. त्या बाईनं वेळप्रसंगी हाताशी असावा म्हणून तो घरून आणला होता. चांगल्या मनानंच आणला असेल. पोरीनं कांदा पाहिला. ट्रे खाली ठेवला, आत गेली, आणि त्यानंतर कोणीही पाहुणे आले तरी ती माजघरातून बाहेर आली नाही.

"कांदा, भाऊ," ती मला म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज खिडकीच्या बाहेर गेला नाही. "माह्या लेकीला पाह्यला येतानी कांदा घेऊन आल्ते."

तो कांदा घरात आला, त्याच्या पुढच्या बाजारापासून ती तिसऱ्या खांबाला बसायला लागली होती.

तिची पद्धत साधी होती. शिव्या नाहीत, गळा काढणं नाही, कॉलर धरणं तर बिलकुल नाही. ती साहेबांना फक्त मान द्यायची. इवायाला द्यावा तसा, सगळा, भरभरून. तब्येत विचारायची, गुडघे कसे आहेत विचारायची, "सावलीत या, उनात हुबे राहू नका" म्हणायची. साहेब घामाघूम व्हायचे.

आणि त्यांच्या मुलाला पोरगी द्यायला म्हणून कोणी यायचे तेव्हा तर तिच्या पाहुणचाराला सीमा नसायची. हल्ली आमच्या भागात मुलांची लग्नं जमणं किती अवघड झालंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या मोठ्या स्थळाचे लोक पहिल्यांदा घर पाहायला आले ते परतूरकडून गाडीनं आले. साहेब स्वतः उतरवून घ्यायला हजर. पाहुणे खाली उतरतायत तोवर खांबाकडून आवाज:

"जय भीम, इवाई! पाहुने कुठले म्हनायचे?"

पाहुणे थांबले. "या कोन?"

"मी यांची इहीण," ती उठून पदर सावरत म्हणाली. "माही लेक यांच्या पोराला दिल्ती. साकरपुडा झाल्ता. बसा, च्या घ्या. ए, चार च्या सांग रे तिकडं!"

चहा ती खरंच पाजायची. स्वतःच्या पैशानं. पाहुणे चहा पिता पिता विचारायचे आणि ती विचारतील तेवढंच सांगायची. एक शब्द इकडचा तिकडं करायची नाही. "मोडलं कोनी?" "यायनं." "काऊन?" "ते त्यायलाच इचारा, हे काय हुबे हायेत." साहेब लांब उभे राहून वेळापत्रक वाचत असायचे. मग पाहुण्यांतला वडीलधारा माणूस माझ्या खिडकीशी यायचा आणि घसा खाकरून विचारायचा, "मास्तर, परतीची गाडी किती वाजता?"

मी गाडीची वेळ सांगायचो. खोटं कशाला बोलू, आनंदानं सांगायचो.

मोठं स्थळ गेलं. मग मधलं गेलं. मग लहानही जायला लागली. साहेबांनी खूप डोकं चालवलं. ते अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत यायला लागले. ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. त्यांनी पाहुण्यांसाठी जीप केली; पण जीप झाली तरी हार घ्यायला स्टँडसमोर थांबणारच, आणि हारवाल्याच्या शेजारी ती. एकदा ते तावातावानं माझ्याकडं आले.

"कंट्रोलर, या बाईला हाकला इथून. हा स्टँड हाये का चावडी?"

"साहेब, गाडीची वाट पाहणाऱ्याला हाकलता येत नाही."

"कोनत्या गाडीची वाट पाहून राह्यली ती?"

"तुमच्या," मी म्हणालो.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. मी बाईच्या बाजूचा होतो, आजही आहे.

समाजातली चार मोठी माणसं मध्ये पडली. स्टँडवरच तिच्याभोवती बसली. "बाई, झालं गेलं सोडून द्या. मोठ्या मनानं घ्या."

"घेते की," ती म्हणाली. "त्यायला म्हना, बोलून टाका. मंग मी बी मन मोठं करते. आधी त्यायचं तोंड उघडू द्या."

ती माणसं उठून गेली. माफ करणारे मोठे असतात असं लोक सांगतात. असतील. मी पाहिलेल्या बहुतेकांनी माफ केलं ते दमले म्हणून. ही बाई दमत नव्हती.

म्हणजे दमायची, पण गाडी यायच्या आत सावरायची. एकदा उन्हाळ्यात स्टँड रिकामा होता. ती खांबाला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मी पाण्याची बाटली दिली.

"लेक म्हनती, आई, बस कर आता," ती म्हणाली. "म्हनती, लोक मला इसरले असते, तूच आठवन करून देऊन राह्यली."

तिनं बाटलीचं झाकण फिरवलं.

"खरं हाये का हो भाऊ तिचं?"

"असेलही थोडं."

"मला बी तसंच वाटतं कव्हा कव्हा." ती पाणी प्यायली. "पन इसरले असते म्हंजी काय? फिट येते हे ध्यानात ठेवून बाकीचं इसरले असते. पोरगी इसरली असती. कांदा न्हाई इसरले."

मी त्या मुलाबद्दलही विचारलं. जालन्याला कारखान्यात घाम गाळणाऱ्या त्या पोराचा यात काय दोष? मी त्याला एकदा पाहिलं होतं. शांत पोरगा होता. तिला लांबून पाहून गाडीच्या मागून निघून गेला होता.

"दोष हाच की गेला निघून," ती म्हणाली. "बापाला एक शबूद इचारला असता तर मी उठून गेले असते."

मला ते कडक वाटलं. पण तेवढ्यात गाडी आली होती आणि ती उठून उभी राहिली होती.

वर्षं गेली. साहेब वाळले. इस्त्री गेली, मग कपड्यांचा पांढरेपणा गेला. घरात बाईमाणूस नाही, मुलगा तिशी ओलांडलेला, आणि आष्टीच्या चारी बाजूंच्या गावांत एकही माणूस असा उरला नव्हता ज्याला हा चहा पाजला गेला नव्हता.

मग एका बाजारच्या दिवशी ते गाडीतून उतरले. स्टँड गच्च भरलेला होता. मिरच्यांची पोती, कोंबड्या, पोरंबाळं.

"जय भीम, इवाई! तब्येत बराबर हाये ना?"

साहेब पिशवी दुसऱ्या हातात घेत होते. लक्ष कुठंतरी दुसरीकडंच होतं. इतकी वर्षं दर बाजारी ऐकून जीभ वळणावर पडली असणार, दुसरं काय.

"जय भीम, इहीणबाई. बरी हाये," ते म्हणाले.

म्हणाले, आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो. भजीवाला झारा हातात धरून बाहेर आला. मी खिडकीतून अर्धा बाहेर निघालो होतो.

ती उठली. सावकाश, गुडघ्यांवर हात ठेवून.

"काय म्हनले?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. पळायला जागा होती, पण ते पळाले नाहीत. पिशवी खाली ठेवली आणि बाकाच्या कडेला बसले.

"इहीण म्हनलो," ते म्हणाले. "किती दिवस करनार हे? पोरगं राह्यलं माहं बिनालग्नाचं."

"माही बी राह्यली."

"मंग पुरी करू ना सोयरीक. द्या तुमची पोर माह्या पोराला. मी मागून राह्यलो. हात जोडून मागून राह्यलो."

त्यांनी खरंच हात जोडले. आसपासच्या दोन-चार बायकांनी "द्या, मावशी, द्या" असं म्हणायलाही सुरुवात केली. लोकांना शेवट गोड आवडतो.

"फिट येनारी पोर करता का?" ती म्हणाली.

"न्हाई येत तिला फिट."

"आं? गिरनीच्या आवाजानं कान गेलेत माहे. मोठ्यानं."

"न्हाई येत!" साहेब ओरडले. "बिलकुल न्हाई येत. कव्हाच न्हाई आली. पोरीत काही खोट नव्हती."

"मंग म्हनलं कोनी?"

"मी."

"काऊन?"

"दुसरं मोठं स्थळ आल्तं. मोडायला कारन पाहिजे होतं." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

"त्या गाडीतल्या लोकायला ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली आणि परतूरच्या गाडीकडं बोट दाखवलं. खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली होती. साहेब उठले, गाडीकडं तोंड केलं आणि सगळं पुन्हा म्हणाले. मग तिनं सेलूच्या गाडीकडं बोट दाखवलं. तेव्हा मात्र मला त्यांच्याकडं पाहवेना. तरी मी पाहिलं.

ते बोलून झाल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं मी तिला त्यांच्या इतक्या जवळ कधी पाहिलं नव्हतं.

"साकरपुडा तुमी मोडला तव्हा पंगतीत, कानात बोलून मोडला," ती म्हणाली. "मी समद्यासमोर मोडून राह्यले. माही लेक मला तुमच्या घरात द्यायची न्हाई. आजपून तुमी माहे इवाई न्हाई आन् मी तुमची इहीण न्हाई. मोडली सोयरीक."

"द्या द्या" म्हणणाऱ्या बायका आपापल्या पिशव्या उचलायला लागल्या. ती माझ्या खिडकीशी आली आणि पाणी मागितलं. बाटली तोंडाला लावली तर निम्मं पाणी पदरावर सांडलं.

"झालं का हो भाऊ बराबर?"

"बराबर झालं, मावशी."

"मला काईच ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली. "मी निस्ती त्यायच्या तोंडाकडं बघत होते."

त्या दिवशी स्टँडवरून जेवढ्या गाड्या सुटल्या, तेवढ्या दिशांना ती गोष्ट गेली. पुढच्या बाजारी खांब रिकामा होता, आणि त्याच्या पुढच्याही. लोक मला विचारायचे, गिरणीवाली दिसत नाही? तिला आता स्टँडवर यायचं काहीच कारण नव्हतं. साहेब गाडीतून उतरायचे आणि कोणी हाक मारत नाही म्हणून की काय, क्षणभर घुटमळायचे. मग चालायला लागायचे.

काही महिन्यांनी मला पत्रिका आली. मुलगा बदनापूरकडचा, शाळेत शिक्षक. पाहायला आले तेव्हा पोरगी स्वतः चहा घेऊन बाहेर आली, हे मला मावशीच्या नवऱ्यानं पत्रिका देताना सांगितलं.

मी लग्नाला गेलो. विहारासमोर मांडव होता, वऱ्हाड पश्चिमेला बसलेलं. लाऊडस्पीकरवाला खांबावर चढून भोंगा वऱ्हाडाकडं फिरवत होता आणि ती खालून नको नको म्हणून हात हलवत होती.

"मावशी, मान्सं तर इकडं बसलेत!"

"इकडच्यायला मी सांगते काय सांगायचं ते. तू नाल्याकडं लाव."

नाल्याच्या पलीकडं तुरीची शेतं होती आणि शेतांच्या पलीकडं साहेबांचं गाव. पत्र्याचं एखादं छप्पर उन्हात चमकत होतं. भोंग्याचं तोंड तिकडं वळलं.

वंदना झाली. भंतेजींनी वधूचं नाव घेतलं, वराचं घेतलं, दोघांनी एकमेकांना हार घातले. फुलं पडली. ती मांडवात नव्हती. भोंग्याच्या खांबाखाली उभी होती, नवं लुगडं, धुऊन लख्ख केलेलं तोंड, आणि पाठ मांडवाकडं. तिचा नवरा धावत आला.

"अगं, इकडं बघ की! लेकीचं लगीन लागून राह्यलं."

"ऐकू येऊन राह्यलं मला," ती मान न वळवता म्हणाली. "तिकडं पोचून राह्यलं का, ते बघू द्या."